पितरपाटातला भाव

आबा,

गेल्या पितरपाटात मी पेठेत गेले होते, तुमच्या त्या बोहरी शेठच्या दुकानात. तुम्ही गेलात त्याला दोन तपं होऊन गेली, पण शेठ अजून आहेत. गल्ल्यावर आता त्यांचा मुलगा बसतो आणि ते आत, लोखंडी कपाटाला टेकून, प्लास्टिकच्या खुर्चीत. तुमच्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून तुमच्याशी भांडायचं राहून गेलं आहे. तुम्ही समोर असतात तर मी भांडले नसते, तेवढी छाती आपल्या घरात कुणाचीच नव्हती. कागदावर भांडता येतं. कागद डोळे वटारत नाही.

आधी धाकट्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं. तुमच्यानंतर त्यानं कोळवणातलं काम आवरतं घेतलं आणि कासार आंबोलीला रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. वाईट चाललं नव्हतं त्याचं. शनिवार-रविवारी येणाऱ्यांचे बंगले, भूगावपासून इकडे उठलेल्या इमारतींतले फ्लॅट, सगळ्यांना किचन पाहिजे, कपाटं पाहिजेत, आणि ती गुळगुळीत पांढरी पाहिजेत. तुम्ही नांगर केलेत, चौकटी केल्यात, लाकूड हुंगून सांगायचात की झाड उन्हातलं की सावलीतलं. तो काय हुंगणार? त्याच्याकडे येतो तो भुसा दाबून केलेला बोर्ड. तो कापला की भुसा पडत नाही, पीठ उडतं. संध्याकाळी धाकटा घरी यायचा तो गिरणीवाल्यासारखा, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा. तोंडाला टॉवेल गुंडाळला की आपलं झालं, एवढीच त्याची खबरदारी. मी खोकंभर मास्क आणून दिले होते, त्यात तो स्क्रू ठेवायचा.

खोकला दोन-तीन वर्षं होता. सुताराला खोकला असायचाच, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी तो घरातल्या माणसासारखा सांभाळला. मग शेडपासून घरापर्यंतचा तो जरासा चढ त्याला एका दमात चढवेना, तेव्हा भावजयीनं मला फोन केला आणि मी त्याला जबरदस्तीनं पुण्याला नेलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. फुफ्फुस कडक होत चाललं आहे, जेवढं गेलं तेवढं परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा. काम सोडा, नाहीतर धूळ सोडा. बाहेर आल्यावर धाकटा मला म्हणाला, "काम सोडून काय करू आक्का? तुज्या कंपनीत चहा दिऊ?" मी हसले नाही. तोही हसला नाही.

धूळ सोडायला एक उपाय होता. रुळावरून सरकणारी बंदिस्त करवत आणि तिला जाड नळीनं जोडलेलं धूळ ओढणारं मशीन. पातं जिथं पीठ करतं तिथूनच ते ओढलं जातं, हवेत येतच नाही म्हणतात. स्वस्तातली असली मशीनं मिळतात, पण ती जाडजाड भुसा पोटात ठेवतात आणि बारीक तेवढी मागच्या बाजूनं परत खोलीत सोडतात, आणि माणसाला मारते ती बारीकच. म्हणून पाहिजे होतं ते भारीतलं, जर्मन. किंमत ऐकून धाकटा म्हणाला, "एवढ्यात जुनी चारचाकी यील की, तीबी एसीवाली." मी म्हटलं, चारचाकीत बसून श्वास घ्यायचा असेल तर घे चारचाकी.

भाव काढायचं काम मी घेतलं. दुसऱ्या कुणाला देणार? उरवड्याच्या कंपनीत मी अजून परचेसलाच बसते. मी लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "दुसऱ्याच्या पैशानं घासाघीस करायची. बरं हाय की." ते कौतुक नव्हतं, हे तेव्हाही कळलं होतं. पण आबा, त्या घासाघिशीवर माझा संसार उभा राहिला. आमच्याकडे तीन कोटेशन आल्याशिवाय केरसुणीसुद्धा गेटातून आत येत नाही. माल एकच पाहिजे, त्याच्याबरोबर येणाऱ्या वस्तू एकच पाहिजेत, वॉरंटी सारखी, पोचवण्याचा खर्च धरलेला, मग भाव शेजारी शेजारी मांडायचे. ज्यानं कमी सांगितला त्याचा आकडा जास्तवाल्याला ऐकवायचा, आणि तो खाली आला की पहिल्याकडे परत जायचं. लोकांना हे चिकटपणाचं वाटतं. मला त्यात एक प्रकारचं सुख मिळतं, रांगोळीची रेघ सरळ आली की मिळतं तसलं.

श्रावणात मी सुरुवात केली. पिरंगुटचा दुकानदार धाकट्याचा दोस्त. तो म्हणाला, "ताई, घरचं माणूस म्हणून सांगतो," आणि सगळ्यांत चढा भाव त्यानंच सांगितला. घरचं माणूस म्हटलं की पाकिटाला हात लावावा, हे मी नोकरीत शिकले आहे. चिंचवडच्या डीलरनं आधी विचारलं, "पेठेत काय सांगतात?" मी पेठेतला आकडा जरा खाली करून सांगितला, तर तो म्हणाला, एवढ्यात पेठेत फक्त खोकं मिळेल, मशीन नाही. मोबाइलवर बघावं तर तेच मशीन चार जण विकतायत, सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. सगळ्यांत स्वस्त होतं ते मी जवळजवळ घेतलंच होतं. मग शेवटी खाली बारीक अक्षरात वाचलं, ते परदेशातल्या एकशे दहा व्होल्टवर चालणारं. आपल्या पिनेत घातलं असतं तर पहिल्या मिनिटाला धूर. एकजण बिलाशिवाय देत होता. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि उद्या बिघडलं तर दाराशी कोण उभं करणार? असा एकेकाला मी वगळत गेले. दीड महिना गेला त्यात. तो दीड महिना आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, पण खरं सांगायचं तर मी पहिल्याच दिवशी मशीन आणलं असतं तरी धाकट्यानं ते खोललं नसतं. त्याचं आपलं एकच, "दसऱ्याला. आबांनी कवा दसऱ्याबिगर हत्यार घरात आणलं हाय व्हय?"

नव्हतं आणलं. आम्हा दोघांना ते पाठ आहे. दसऱ्याला दुपारी तुम्ही पिशवी घेऊन एसटीतून उतरायचात आणि आई दारातच त्या हत्याराला हळदकुंकू लावायची. आणि तुमचा दुसरा नियम मला धाकट्यापेक्षा जास्त पाठ आहे, कारण तो माझ्या मनगटावर आहे. मी सहावीत आहे, दसऱ्याची सकाळ आहे. धाकट्याला ताप आलाय म्हणून त्याच्याऐवजी मला पेठेत न्यायचं ठरलंय आणि मी दोन वेण्या घालून तुमच्याबरोबर दुकानात उभी आहे. फळीवरून खोकं खाली येतं. त्यात विजेवरचा जपानी रंधा, तुमचं पहिलं मशीन. अख्ख्या खोऱ्यात तेव्हा तसलं कुणाकडे नव्हतं. शेठ सुतळी बांधतायत. आईबरोबर पौडच्या बाजारात जाऊन जाऊन मला जे येत होतं ते मी बोलते, "काका, थोडं कमी करा की." तुम्ही माझं मनगट धरता. ओढत नाही, नुसतं धरता, पण असं की बांगडी रुतते. शेठ हसू लागतात आणि तुमच्याकडे बघून थांबतात. मग आपण एसटीत बसतो. पिरंगुटचा घाट उतरल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणता, "भाजी न्हाई ती. हत्यार हाय. हत्याराचा भाव करत नसत्यात. जो भाव करतो त्याच्या हातात ते बसत न्हाई." मी रडत नाही, पण त्या दिवशी आपट्याची पानं कुणालाच दिली नाहीत. आजही फोनवर एखाद्या दुकानदाराला "अजून किती खाली याल?" म्हणताना माझं मनगट आखडतं. तीस वर्षांत हजारो कोटेशनं झाली असतील. प्रत्येक वेळी मला वाटत आलं की आपण आबांच्या नजरेतून उतरतोय.

गणपती गेले आणि पितरपाट लागला तेव्हा पेठेतून शेठच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, एक खरं सांगू का? घ्यायचं असेल तर आत्ता या. तुमचे हे पंधरा दिवस आमच्याकडे माशी बसत नाही. दसऱ्याच्या स्कीमची वाट बघू नका, आधी किंमत वर नेतात आणि मग खाली आणून दाखवतात. कंपनीला विक्री दाखवायचीय मला याच महिन्यात. बसून बोलू." मला ते पटलं. आपल्या लोकांना या दिवसांत कुणी फुकट दिलं तरी नको असतं, मग भाव पडणारच. मी रजा टाकली आणि गेले. तासभर बसले. त्यानं चिंचवडच्या खाली भाव आणला, वर एक जादा रूळ दिला आणि धुळीच्या पिशव्यांचा गठ्ठा. नोकरीत इतका सरस सौदा मी एकदाही केला नव्हता. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि मनगट आखडलं.

तेवढ्यात आतून शेठनी विचारलं, "कुठल्या तुम्ही, बेटी?"

"मुळशीकडच्या. मूळचं कोळवण खोरं."

"तिकडचे एक सुतार यायचे आमच्याकडे. उंच. भुवईवर खोक होती."

"ते माझे वडील."

शेठ खुर्चीत पुढं झाले. एवढा आनंद त्यांना झाला की मला वाटलं आता ते तुमच्या साधेपणाचं काहीतरी सांगणार. ते म्हणाले, "तुम्ही त्यांची मुलगी? मग बरोबर आहे. माझा मुलगा घामाघूम झाला, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. अहो, त्यांच्यासारखा भाव करणारा माणूस या गल्लीत आला नाही. सगळी दुकानं फिरायचे. एकाचा भाव दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. मग माझ्याकडे यायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा उठून जायचे. आणि यायचे कधी? याच दिवसांत. तुमच्या पितरांच्या. त्यांना ठाऊक होतं ना, दुकानं ओस असतात. पैसे देऊन टाकायचे आणि माल इथंच ठेवायचे, त्या वरच्या फळीवर. दसऱ्याला येऊन न्यायचे."

मी विचारलं, इथं का ठेवायचे?

"मीही विचारलेलं. म्हणाले, शेठ, गावात कळलं की सुतारानं पितरांच्या दिवसांत हत्यार आणलं, तर माझ्या हातची चौकट कोण बसवून घेईल?" मग त्यांना हसू आलं. "एकदा लहान मुलीला घेऊन आले होते. ती मला म्हणते, कमी करा. आणि भाव तर आधीच ठरून पैसे दिलेले! मला हसू आवरेना, पण त्यांनी असं बघितलं माझ्याकडे..."

"ती मीच," मी म्हटलं.

टेम्पोत खोकी चढत होती आणि मी गल्लीत उभी राहून आधी हसले. पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, हमाल बघायला लागला. मग राग आला. आबा, एक शब्द बोलला असतात तर? मोठी झाल्यावर, मी परचेसला लागल्यावर तरी? "पोरी, मीबी हेच करायचो" एवढं म्हणायला काय जात होतं तुमचं? माझ्या हातात जी कला आहे ती तुमच्याकडूनच आलेली आहे, हे मला एका परक्या माणसानं सांगितलं. आणि तुम्ही मात्र मला आयुष्यभर असं ठेवलंत जसं मी सुताराच्या घरात चुकून जन्मलेली बाजारातली भाजीवाली.

पण तो राग मी गिळला, कारण मला वाटलं की आता काम झालं. धाकट्याला हे सांगितलं की तो लगेच खोकं फोडेल. मी टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून थेट शेडवर गेले. धाकटा बोर्ड कापत होता. आणि आबा, याच दिवसांत त्याला सगळ्यांत जास्त काम असतं. पितरपाटात कुणी काही विकत घेत नाही, पण दसऱ्याला ज्यांना नव्या घरात जायचंय त्यांची किचनं याच पंधरवड्यात कापावी लागतात. शेडमध्ये समोरचं दिसत नव्हतं. त्याचा राजस्थानी कारागीर दाराबाहेर उभा राहून श्वास घेत होता आणि मालक आत. खोकी बघून धाकट्यानं कटर बंद केला, टॉवेल खाली केला आणि पहिलं वाक्य बोलला, "पितरपाटात? आक्का, तुला येड लागलंय का?"

मी त्याला सगळं सांगितलं. शेठ, फळी, चौकट, सगळं. तो स्टुलावर बसून ऐकत होता. मध्ये दोनदा खोकला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "म्हंजी आबांनीबी घरात न्हाईच आणलं."

"अरे, पण घेतलं होतं ना याच दिवसांत!"

"घेतलं आसंल. घरात दसऱ्यालाच आलं ना? त्यांनीबी तेवढं पाळलं. मग मी का मोडू?"

मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, आबांना गिऱ्हाइकाची भीती होती, देवाची नव्हती. त्यांच्या छातीत धूळ नव्हती. तो शांत होता, तुमच्यासारखा. "पंदरा-ईस दिसांनी काय हुतंय? एवढी वर्सं खाल्लीच की." त्यानं खोकी कोपऱ्यात लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा टॉवेल बांधला. तीन दुकानदारांना मी झुकवलं होतं, त्या एका माणसाला मला झुकवता आलं नाही. भावजयीला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "आक्का, तुमचं ऐकत न्हाईत ते माजं ऐकत्याल?" आम्ही दोघींनी मग ठरवलं की तुमच्या म्हाळापर्यंत थांबायचं. त्या दिवशी काम बंद असतं, घरात चार माणसं असतात, निवांत समजावू.

तो दिवस मी कितीदा तरी मनात फिरवून बघितला आहे. भावजयीनं वडे केले, खीर केली, कढी केली, तुम्हाला आवडायची तशी आल्याची. पान पत्र्यावर ठेवलं आणि आम्ही अंगणात हात जोडून उभे राहिलो. कावळा येईना. समोरच्या चिंचेवर तीन-चार बसलेले, ओरडतायत, पण एकही खाली येत नाही. ऊन चढलं. भावजयीनं मनात काय काय कबूल केलं असेल कोण जाणे, तिचे ओठ हलत होते. मीही बोलले, मनातल्या मनात. आबा, त्याला मशीन खोलायला सांगा. एवढं करा, मनगटाचं सगळं माफ. आणि त्याच वेळी धाकटा एक पाऊल पुढं झाला. बोलायला त्याला दम पुरत नव्हता, तुकड्यातुकड्यानं बोलला. "आबा, मशीन दसऱ्याच्या आत खोलत न्हाई. तुमचा शबुद मोडत न्हाई. या."

आणि कावळा आला. पत्र्यावर उतरला, वडा उचलला आणि गेला. त्याच्यामागून बाकीचे आले. भावजयीनं डोळे पुसले. शेजारच्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "बापाचा जीव आडकला हुता बग." धाकट्याच्या तोंडावर असलं समाधान होतं की मी त्याच्याकडे बघू शकले नाही. त्यानंतर काय समजावणार मी? तीन कोटेशनं दाखवणार? डॉक्टरांचा कागद दाखवणार? वरून शिक्का आला होता.

तुम्ही का पाठवलात तो कावळा? हेच मला तुम्हाला विचारायचं आहे, बाकी सगळं त्याच्या अलीकडचं-पलीकडचं. मला माहीत आहे, पक्षी आहे तो, भूक लागली की उतरतो, वाऱ्यानं उतरतो. कंपनीतल्या पोरींना मी हेच सांगते. पण त्या अंगणात मला हे माहीत नव्हतं. त्या अंगणात आपण दोघं भाव करत होतो, आबा, मी एका बाजूनं आणि धाकटा दुसऱ्या बाजूनं, आणि तुम्ही त्याचा सौदा मान्य केलात. माझा नाही केलात. पुन्हा एकदा.

त्यानं हातातलं ते किचन पुरं केलं. नवरात्रात, बसवायच्या दिवशीच, गिऱ्हाइकाच्या फ्लॅटमध्ये तो खाली बसला तो उठला नाही. कारागिरानं फोन केला, "दीदी, सेठ को साँस नहीं आ रही." दवाखान्यात नेलं तेव्हा ओठ जांभळे होते. खंडेनवमीला भावजय शेडवर जाऊन खोक्यांवर झेंडू घालून आली, ताडपत्री तशीच. दसऱ्याला तो नाकात नळ्या घालून वॉर्डात होता आणि मला विचारत होता, "पूजा झाली का?" डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता शेडमध्ये पाय टाकायचा नाही. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. चांगला माणूस. मला पाहिजे होतं ते उत्तर त्यानं दिलं नाही आणि नको होतं तेही दिलं नाही.

दिवाळीनंतर तो घरी आला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं, घरघर करत. घरात त्याची आता इतकी सवय झाली आहे की वीज गेली आणि ते थांबलं की सगळे एकदम गप्प होतात. एका रविवारी त्यानं हट्ट धरला की करवत चालताना बघायची. कारागीर गावी निघून गेला होता, तिकडेच दुसऱ्या मालकाकडे लागणार म्हणून. म्हणून मीच ती खोकी फोडली. छोटा सिलेंडर घेऊन तो शेडच्या बाहेर बऱ्याच लांब, वाऱ्याच्या अंगाला, खुर्चीवर बसला आणि तिथून मला सांगत होता, रूळ कसा टेकवायचा, पातं किती खोल सोडायचं. तुमच्या रंध्याला मला कधी हात लावू दिला नव्हतात. या करवतीवर मी पहिला काप मारला. आवाजसुद्धा मोठा नाही तिचा. बोर्डाचे दोन तुकडे झाले, कड अशी की बोट फिरवावं. मी तुकडे त्याच्याकडे नेले. त्यानं कड बघितली नाही. माझे हात बघितले, पालथे-उताणे करून, मग माझ्या बाह्या, मग माझे केस. कुठंच काही नव्हतं. बराच वेळ त्यानं माझा हात सोडला नाही. म्हणाला, "एवढंच हुतं व्हय?"

मी त्याला काय सांगणार होते? हो, एवढंच होतं. खोक्यातून बाहेर काढायचं होतं.

हे पत्र तुम्हाला पोचवायचा आपल्यात एकच रस्ता आहे, आणि त्या पाखराच्या भरवशावर मी आता काहीही ठेवणार नाही. ते माझ्या कपाटातच राहील. पण लिहायला घेतलंच आहे तर अजून एक सांगून टाकते.

त्याच रविवारी घरी परतल्यावर धाकटा म्हणाला, "आक्का, ईक ती. हितं पडून काय करायची? तू भाव काढ." पैसे लागणारच आहेत, ते मी बघेन, पण त्याचा जीव त्या शेडमधून सुटावा म्हणून मी हो म्हटलं आणि भाव काढले. पेठेत शेठचा मुलगा परत घ्यायला तयार आहे. चिंचवडचा त्याच्यापेक्षा वर गेला. बावधनला एक इंटीरियरवाला आहे, तो आणखी वर गेला आणि पैसे घेऊन उद्या येतो म्हणतो. धाकटा रोज विचारतो, कुणी आलं का. काल संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही रे, असल्या भारी मशीनला इकडं गिऱ्हाईक मिळत नाही."  तो उशी पाठीशी घेऊन जरा वर सरकून बसला आणि म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. उन्हाळ्यापत्तूर बरा झालो की मीच चालवीन." भावजयीनं त्याला चहा दिला, तो त्यानं सगळा प्यायला.

तिन्ही भाव चांगले आहेत, आबा. मी त्याला एकही सांगितलेला नाही.